घरं काही हलत नाहीत

आउकेल बेट, १४ डिसेंबर

नोल्बेर्तो पोरा,

लाँचच्या कप्तानाकडे डबा दिला आहे. धुरी दिलेल्या शिंपल्यांच्या तीन माळा घातल्यात. पुढे बसचा ड्रायव्हर एक माळ ठेवून घेतो, म्हणजे पुएर्तो मोन्तला तुझ्यापर्यंत दोन पोचतील. मोजे मात्र त्याच्या मापाचे नाहीत, ते मिळतीलच.

नोव्हेंबरात तू आलास, दोन दिवस राहिलास, आणि त्यातला अर्धा दिवस माझ्या छपरावर काढलास. स्वयंपाकघरात बसलास ते ‘माते’च्या कडू चहाच्या एका पेल्यापुरता, तोही अर्धा ठेवून उठलास. सहा वर्षांचा असताना तुझी आई गेली आणि तू माझ्याकडे आलास. तेव्हापासून तू उंचावर चढलास की खालून ‘घसरशील’ म्हणून ओरडायची मला सवय आहे. आता तुझे केस पांढरे व्हायला लागले तरी ती जात नाही. तू वरून ‘मावशी, गप बस’ म्हणालास. पुष्कळ दिवसांनी घरात कुणीतरी मला गप बस म्हणालं.

छपरावर तू बसवलेल्या पेटीचा हिरवा दिवा जळतो आहे. तू बजावलंस तसं मी तिला हात लावलेला नाही, कुणाला लावू दिलेला नाही. परवा एक समुद्रपक्षी येऊन तिच्यावर बसला, त्यालाही काठीने हाकललं.

तू दिलेला फोन एप्रनच्या खिशात असतो. त्यावर बोलायला मला आवडत नाही. एक तर नीट ऐकू येत नाही, आणि बोलणं संपलं की हातात काही उरत नाही. पत्र निदान पुन्हा वाचता येतं.

नाताळला ये. तुला एक गोष्ट विचारायची आहे. समोरासमोर विचारायची आहे, म्हणून इथं लिहीत नाही.

तुझी मावशी,
ओर्फेलिना


पुएर्तो मोन्त, २२ डिसेंबर

मावशी,

माळ एकच पोचली. ड्रायव्हरचा मेहुणा आला होता म्हणे.

नाताळला जमत नाही. सुट्टीत कार्यालयात कुणीतरी बसावंच लागतं, आणि ज्याला घरी वाट बघणारं कुणी नाही त्याच्यावरच ते येतं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, मी हो म्हणालो.

पेटीवरून तू रागावली आहेस, म्हणून ती कशाला आहे ते एकदा नीट सांगतो. मे महिन्यात खाडीत नांगरलेल्या कुठल्याशा बोटीतून एकजण तुमच्या दवाखान्याच्या वायफायमध्ये शिरला. दवाखान्याच्याच नावाने त्याने निरोप धाडला, की बाई अडली आहे, लवकर या. उत्तरेचा वारा सुटलेला असताना रुग्णवाहिकेची लाँच निघाली आणि खडकावर आपटली. एका खलाशाची दोन बोटं गेली. बाई कुणीच अडली नव्हती. कुणीतरी गंमत केली होती.

संकेतशब्द बदलून उपयोग नाही. आउकेलवर नवा संकेतशब्द दोन दिवसांत सगळ्यांना कळतो, आणि आबेलिनो तो बटाट्याच्या पोत्याबरोबर बोटवाल्यांना फुकट देतो. म्हणून आम्ही ठरवलं, तुला काय माहीत आहे हे विचारायचंच नाही, तू कुठे उभा आहेस एवढंच विचारायचं. एक पेटी चर्चच्या मनोऱ्यावर, एक शाळेवर, एक खाडीपलीकडे तुझ्या टेकाडावर. फोन प्रत्येक पेटीपासून किती लांब आहे ते कळतं, आणि तीन अंतरं मिळाली की त्याची जागा निघते. जमिनीवर असेल तर दार उघडायचं. पाण्यात असेल तर नाही.

त्यासाठी पेट्या स्वतः कुठे आहेत हे पक्कं ठाऊक हवं. ते आकडे मी हाताने लिहून ठेवलेत. तुझ्याकडे खांब रोवा असं साहेब म्हणत होते. मी म्हणालो, खांब वाऱ्याने पडतात, मावशीचं घर घ्या. घरं काही हलत नाहीत.

आता एक कबुली देतो. नकाशावर तुझा फोन मला ठिपका होऊन दिसतो. कुणाचाही ठिपका कामाशिवाय बघायला परवानगी नाही, तुझाही नाही. पण सकाळी पाव खाताना मी बघतो. तू विहिरीवर जातेस, कोंबड्यांकडे जातेस, परत येतेस. बरं वाटतं. सोबत जेवल्यासारखं वाटतं.

जे विचारायचं ते पत्रात विचार ना.

नोल्बेर्तो


आउकेल, ६ जानेवारी

पोरा,

माझा ठिपका कुठल्या रंगाचा आहे ते कळव. काळा असेल तर बदल. तुझ्या काकाला, सेलिंदोला, जाऊन सहा वर्षं झाली, काळं नेसणं मी केव्हाच सोडलं आहे.

तू बघतोस त्याचा राग नाही. पण तुला काय दिसतं ते जरा विचारायचंय. मंगळवारी मी विहिरीपाशी बराच वेळ उभी होते. ते दिसलं असेल. पलीकडच्या काठावर चर्चपाशी लग्न होतं, अकॉर्डिअनचा आवाज पाण्यावरून येत होता, आणि मला पाणी भरायचं सुचेना, ते दिसलं का? बोलावणं होतं. पण खाडीला वळसा घालून जायला दीड तास, आणि अंधारात त्या चिखलातून एकटीने परत यायचं जिवावर येतं.

तुझ्या लहानपणी या टेकाडावर पाच घरं होती. आता माझं एकच. बाकीची सगळी खाली चर्चकडे गेली, किंवा देवाघरी. सकाळी खालची माणसं एकमेकांची धुराडी बघतात. धूर निघाला की म्हणतात, चला, हिची रात्र नीट गेली. माझं धुराडं कुणालाच दिसत नाही, मध्ये टेकाडाचा खांदा येतो.

विचारायचं आहे ते पत्रात विचारायचं नसतं. तू इथलाच आहेस, तुला कळायला हवं. फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारच्या आत ये. शुक्रवारी आलास तरी चालेल.

मावशी


पुएर्तो मोन्त, २५ जानेवारी

मावशी,

ठिपका हिरवा आहे.

गेले दोन आठवडे तुझ्याकडे बघून मला फार आनंद होतोय. रोज संध्याकाळी तू खाली जातेस. सोमवारी आबेलिनोकडे, मंगळवारी शाळेतल्या सान्द्रो मास्तरांकडे, मग दवाखान्यातल्या एर्मिनियाकडे. एकूण चौदा घरं मोजली. प्रत्येक ठिकाणी पाऊण तास बसतेस. आणि मला लिहितेस, एकटी पडले. अगं, पुएर्तो मोन्तला येऊन मला अकरा वर्षं झाली, अजून चौदा घरांत मी पाय ठेवलेला नाही. इमारतीतल्या शेजाऱ्याचं नाव मला त्याच्या टपालपेटीवरून माहीत आहे.

तू काय विचारणार याचा मी विचार केला. जमिनीच्या कागदांचं असणार. वकिलाकडून फॉर्म आणलाय, सोबत पाठवतो. खूण केलीय तिथे सही कर. त्यासाठी मी यायची गरज पडणार नाही.

फेब्रुवारी कठीण आहे. एप्रिलमध्ये बघू. इथं एक नवीनच टूम निघालीय. तुमच्या बाजूच्या तीन बेटांवरच्या पेट्या सांभाळायला कुणीतरी तिकडेच राहायला जावं असं म्हणतात. साहेबांनी विचारलं, कोण जातं? कुणीच हात वर केला नाही. मीही नाही. आता या वयात उठून कुठे जायचं.

नोल्बेर्तो


आउकेल, ३ फेब्रुवारी

नोल्बेर्तो,

कागद कपाटाच्या खणात आहेत. माझं काही झालं तर तिथे बघ. फॉर्म चूल पेटवायला चांगला आला.

मी चौदा दारांत उभी राहिलेली तुला दिसले, कशासाठी उभी होते ते दिसलं नाही. पंधरावं दार तुझं होतं. तिथं चालत पोचता येत नाही.

फोन खिशात आहे. पेटी छपरावर आहे. दोन्ही ठीक.

मावशी


पुएर्तो मोन्त, १८ फेब्रुवारी

मावशी,

काय झालं ते मला सविस्तर लिही. 

शनिवारी मी कामावर होतो. सकाळी सात वाजता तुझ्या घरापाशी सत्तावन्न फोन दिसले. सगळं बेट. एवढी माणसं सकाळी सातला म्हाताऱ्या बाईच्या घरी कशाला जमतात? मला एकच कारण माहीत आहे. काका गेले तेव्हा असंच दिसलं असतं. मला तेव्हा यायला जमलं नव्हतं, म्हणून मी ते बघितलेलं नाही, पण असंच असणार.

तुझा ठिपका मध्ये होता. नऊ चाळीसला तो विझला. मग तुझ्या छपरावरची पेटी बंद झाली. दोन पेट्यांवर जागा निघत नाही, त्यामुळे नकाशा नुसता रिकामा झाला. मी तुला फोन केला. दवाखान्याच्या रेडिओवर हाका मारल्या. कुणी उत्तर देईना.

संध्याकाळी सातला तुझी पेटी परत लागली, आणि सगळेच्या सगळे फोन खाडीच्या मधोमध होते. मावशी, शवपेटी खाडीपलीकडच्या दफनभूमीत होड्यांतून नेतात, हे मला आठवलं. मग मला दुसरं काही सुचलंच नाही. खुर्चीत बसून मी रडलो. समोरच्या टेबलावरच्या बाईने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, काही नाही, नेटवर्कचा घोळ आहे.

तेवढ्यात एक नोंद नसलेला फोन पाण्यातून आत यायला बघायला लागला. एकदा नाही, अकरा वेळा. माझं डोकं फिरलं. म्हटलं, गावात मयत झालंय आणि हे बोटवाले चोर त्याचाही फायदा घेतायत. यंत्राने अडवलाच होता, पण मी स्वतः त्याचा नंबर घालून तो कायमचा बंद केला. त्या दिवशी हातून नीट झालेलं काम तेवढं एकच.

काळा शर्ट इस्त्री केला. बॅग भरली. बुधवारच्या लाँचपर्यंत काय करायचं ते कळत नव्हतं. रविवारी दुपारी एर्मिनिया रेडिओवर आली आणि म्हणाली, ‘मेली? कोण मेली? पहाटेपर्यंत नाचत होती, आता घोरतेय.’ पुढे ती हसतच सुटली. मग मी बॅग रिकामी केली.

बेटावरचे सगळे फोन अजून पाण्यातच दिसतायत. दवाखान्याचासुद्धा. त्यामुळे सगळ्यांनाच दार बंद झालंय. पेटीला कुणी हात लावला का? खरं सांग.

नोल्बेर्तो


आउकेल, २२ फेब्रुवारी

नोल्बेर्तो,

पेटीला कुणी हात लावलेला नाही. तू ठेवलीस तशीच आहे, त्याच पत्र्यावर, त्याच चार खिळ्यांत. मी फक्त घर हलवलं.

तू हसतोयस की कपाळाला हात लावतोयस, ते मला दिसत नाही. मास्तर मात्र हसून हसून आडवे झाले. मी त्यांना तुझं डिसेंबरचं पत्र दाखवलं. ‘घरं काही हलत नाहीत.’ म्हणाले, ‘हे चिलोएच्या बेटांवर वाढलेल्या मुलाने लिहिलंय?’ अरे, तू आठ वर्षांचा असताना मिलाकुरांचं घर ओढलं, तेव्हा तू दोरीला लोंबकळत होतास. तळहाताची सालटं निघाली म्हणून मी लोणी लावलं होतं. शहरात एवढी वर्षं काढलीस, की घराखाली पाया असतो असं तुला वाटायला लागलं.

मिंगाचं बोलावणं कसं करतात, तेही विसरलास. घर ओढायला माणसं हवीत तर घरवाल्याने दारोदार जायचं, आत बसायचं, माते प्यायचा आणि तोंडाने विनवायचं. निरोप धाडायचा नाही, चिठ्ठी द्यायची नाही. माणूस तुझ्यासाठी आपला दिवस आणि आपले बैल देणार, निदान त्याच्या डोळ्यांत बघून माग. म्हणून तुला लिहीत नव्हते. ‘पोरा, माझ्या घराला हात लावायला येशील का’ एवढंच विचारायचं होतं.

आता ऐक. आबेलिनोने बारा बैलजोड्या जमवल्या. घराखाली लांब ओंडके घातले, खिडक्या काढल्या, विजेची तार सोडली. कपाटातले कप मी तसेच ठेवले, एकच फुटला. टेकाडावरून घर ओढत वाळूवर आणलं. त्याआधी बैल जुंपताना, तार सोडायच्या आतच, माझा फोन एप्रनमधून पडला आणि आबेलिनोच्या तांबड्या बैलाने त्यावर पाय दिला. नऊ चाळीसला विझले ती मी नव्हे, तो फोन होता. बैल ठीक आहे.

दुपारी भरतीच्या पाण्यावर घर तरंगलं. सात होड्यांनी ते खाडीपलीकडे ओढत नेलं. मी माझ्याच दारात स्टूल टाकून बसले होते आणि खालून माशांसारखं पाणी लपलपत होतं. सेलिंदो असता तर छपरावर बसून शिट्ट्या मारल्या असत्या. संध्याकाळी घर चर्च आणि शाळेच्या मध्ये येऊन उभं राहिलं. मास्तरांनी वीज जोडली, तुझा हिरवा दिवा लागला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तापल्या दगडांवर जेवण पुरून ठेवलेला खड्डा उघडला. शिंपले, मांस, बटाट्याच्या वड्या, सगळं वाफेवर शिजून तयार होतं. अकॉर्डिअन सुरू झालं, आणि या खेपेला मी विहिरीपाशी नव्हते.

तेव्हा मला वाटलं, हे तुला ऐकवावं. माझा फोन तर गेला. कपाटात सेलिंदोचा होता, मास्तरांनी तो चार्ज करून दिला. मी जन्मात कुणाला फोन लावला नव्हता. तुला अकरा वेळा लावला. दर वेळी अकॉर्डिअन वाजवणाऱ्याला म्हणायचे, थांब, हाच भाग पुन्हा वाजव, आता उचलेल. अकराव्यानंतर तो बिचारा म्हणाला, बाई, बोटं दुखली.

मला वाटलं, तुला दिसतंय मीच आहे ते, पण तू उचलत नाहीस. पाच-सहा दिवस मी तेच धरून बसले होते. मग तुझं पत्र आलं आणि कळलं, की पाण्यातून येणारा चोर मीच.

ती चूक मी तुझ्या नावावर मांडत नाही. दुसरी मांडते. मेलेल्या मावशीसाठी तू बॅग भरलीस, आणि जिवंत आहे कळल्यावर रिकामी केलीस.

मावशी


पुएर्तो मोन्त, २८ फेब्रुवारी

मावशी,

तुझं पत्र कार्यालयात उघडलं आणि तिथंच मिटलं. मग बाहेर बंदरावर बाकावर बसून वाचलं. चार वेळा वाचलं.

काकांचा नंबर मी बघितलासुद्धा नाही. तो मला तोंडपाठ आहे. शहरात आलो तेव्हा घरचा तेवढाच एक नंबर मला माहीत होता. पण पडद्यावर आकडे आले आणि मला फक्त ‘पाण्यातून’ एवढाच शब्द दिसला. तो नंबर मी स्वतःच्या हाताने बंद केला, आणि तुला लिहिलं की तेवढंच काम नीट झालं. मला माझीच लाज वाटते.

बंदी काढलीय. तपासणीही तूर्त थांबवलीय, त्यामुळे सगळ्यांचे फोन चालतील. पण मग बोटवाल्यांनाही दार मोकळं आहे. साहेबांनी पंधरा मार्चपर्यंत मुदत दिलीय. तोवर घराची नवी जागा लिहिली नाही तर बेटाचं नेटवर्कच बंद करणार. खडकावरची ती लाँच ते विसरलेले नाहीत.

पेटी नव्या जागी आणि माझे आकडे जुन्या जागेचे, म्हणून सगळे पाण्यात दिसले. दोनच आकडे हवेत, एक उत्तर-दक्षिण, एक पूर्व-पश्चिम. बघतो काय करता येतं ते.

तू यायला सांगशील, आणि मला यावंसं वाटतंय, पण भीती वाटते. ज्यांनी दोरी ओढली त्यांच्या समोर मी काय तोंड घेऊन उभा राहू? मी नकाशावर तुमच्याकडे बघत होतो आणि मला मयत दिसलं. जुलैत तुला ताप आला होता, तीन दिवस अंथरुणात होतीस आणि कुणाला पत्ता नव्हता, हे रेडिओवर एर्मिनियाने सांगितलं. तू मला एका शब्दाने कळवलं नाहीस. तेव्हा ठिपका नव्हता. पण असता तरी काय, मी म्हणालो असतो, मावशी आराम करतेय.

नोल्बेर्तो


आउकेल, ८ मार्च

पोरा,

एर्मिनियाच्या तोंडात तीळ भिजत नाही. ताप आला होता खरा. तिसऱ्या दिवशी चूल पेटवायची ताकद नव्हती, आणि मनात आलं, आत्ता धूर निघाला नाही तर कुणाला कळणार आहे? तेव्हाच ठरवलं, घर खाली न्यायचं. तुला कळवून काय केलं असतंस? औषधाचा फॉर्म पाठवला असतास.

आता माझं धुराडं चार घरांतून दिसतं. परवा मुद्दाम उशिरा चूल पेटवली. पंधरा मिनिटांत आबेलिनो दारात. म्हणाला, ‘काय गं, जिवंत आहेस ना?’ मी म्हटलं, बघत होते किती वेळ लावतोस. तो चिडून गेला, आणि मला दिवसभर बरं वाटलं.

घर जरा कललं आहे. मातेचा पेला टेबलावर ठेवला की भिंतीकडे सरकतो. मागच्या खोलीचं दार बसत नाही, पट्टा तासायला हवा. ते तुझं काम, ती तुझी खोली.

मंगळवारी सान्द्रो मास्तर आले होते. घराच्या चारी बाजूंनी फिरून त्यांनी फोनवर काहीतरी मोजलं आणि एका कपट्यावर दोन आकडे लिहून दिले. म्हणाले, ‘भाच्याला पाठवा, काम झालं. त्याला एवढ्या लांब यायला नको.’ माणूस भला आहे. मी त्यांना दोन बटाटेवड्या दिल्या, दारापर्यंत सोडलं, परत आले आणि कपटा चुलीत घातला. धूर चांगला निघाला.

मुदतीचं मला ठाऊक आहे. मला बेटाचं वाईट करायचं नाही. तू आलास तर एका दिवसाचं काम आहे.

एक सांगायचं राहिलं. दोरी ओढताना डाव्या बाजूची पहिली जागा सेलिंदोची असे. आबेलिनोने विचारलं, तिथे कुणाला उभं करू? मी म्हटलं, मोकळी ठेव. त्या जागेवर कुणी नव्हतं, तरी घर सरळ गेलं. पण सगळ्यांनी ती जागा बघितली, आणि कुणाची ते कुणी विचारलं नाही. तेव्हा तोंड कुठलं घेऊन यायचं याची काळजी करू नकोस. आहे तेच आण.

मावशी


आचाओचा धक्का, ९ मार्च

मावशी,

तुझं पत्र मला इथंच मिळालं. लाँच धक्क्याला लागली, कप्तान डबा घेऊन उतरला, मला बघितलं आणि म्हणाला, ‘बरं झालं भेटलास, एक माळ वाचली.’ बाकावर बसून वाचलं. तास-दीड तासाने लाँच परत सुटेल, तोवर उत्तर लिहितोय. हे पत्र मीच घेऊन येतोय, तेव्हा उशीर होणार नाही.

तोंडावर सांगता येणार नाही ते इथं लिहून टाकतो.

मास्तर मोठे तत्पर आहेत. तुला कपटा दिला त्याच संध्याकाळी त्यांनी तेच आकडे मला फोनवर पाठवले होते. दोन ओळी होत्या. त्या खुर्चीत बसल्या बसल्या घातल्या असत्या, की सगळं बेट पाण्यातून उचलून जमिनीवर आलं असतं. मी त्या पुसून टाकल्या. साहेबांना म्हणालो, दुसऱ्याने मोजलेलं चालत नाही, नियम आहे, घर उभं आहे तिथं स्वतः उभं राहून मोजावं लागतं. ते म्हणाले, असा नियम कधी झाला? मी म्हणालो, जुना आहे, लोक विसरलेत.

काकांच्या वेळी मी आलो नाही. कामामुळे असं तुला सांगितलं, ते खोटं होतं. लाँचची वेळ होती, बस होती, सुट्टीही मिळाली होती. बस स्टँडवर जाऊन मी परत फिरलो. दारात तू एकटी उभी दिसशील, हे मला बघवणार नव्हतं. म्हणून मी तुला सहा वर्षं एकटी उभी ठेवली. हे तू मांडलेल्या दुसऱ्या चुकीच्याही वरती मांड.

अकॉर्डिअनवाल्याला सांग, एकदाच वाजव, बोटं दुखणार नाहीत. मी समोर बसेन.

बॅग मोठी आहे. एका दिवसाच्या कामाला एवढी कशाला, असं कप्तानाने विचारलं. परवा कार्यालयात साहेबांनी पुन्हा विचारलं होतं, त्या बेटांवर राहायला कोण जातं? यावेळी मी काय केलं ते तुला आल्यावर सांगतो. मागच्या खोलीचा पट्टा तासायला रंधाही आणलाय. पण ती खोली मला द्यायची का, किती दिवस, ते इथं विचारत नाही. पत्रात विचारायचं नसतं. चूल पेटती ठेव, मी दारात उभा राहून विचारतो.

नोल्बेर्तो